सणाच्या दिवसाची एक ओळ

मित्रांनो, हॉटेलात शिरल्यावर तुमची नजर जिच्यावर जाते, ती भावांची पाटी मीच. मी जुनी आहे, पत्र्याची आहे, आणि हिंगणघाटच्या बसस्थानकासमोर प्रभाकररावांच्या हॉटेलात माझे सारे आयुष्य गेले आहे.

एका पेंटरने मला काळा रंग दिला आणि पांढऱ्या अक्षरांत चहा, आलुबोंडा, तर्री-पोहे अशी नावे लिहिली. भावांची जागा मात्र रिकामी ठेवली. ती प्रभाकररावांच्या पत्नी शकुंतलाबाई रोज सकाळी खडूने भरत. त्यांचा दोनाचा आकडा बदकासारखा डौलदार असे. गिऱ्हाइकाने बसण्याआधी मला वाचावे, असा प्रभाकररावांचा नियम होता. भाव वाढला तरी लोक कुरकुरत नसत, कारण मी ते आधीच सांगितलेले असे. त्याचा मला अभिमान होता, आजही आहे.

पुढे हॉटेल त्यांच्या मुलाकडे, नीलेशकडे आले. छापील मेनूकार्ड आले आणि मला स्वयंपाकघरात पिठाच्या डब्यामागे उभे केले, तोंड भिंतीकडे. तिथे मनकर्णाबाईंच्या झाऱ्याचा आवाज तेवढा सोबतीला असे. वीस वर्षांपासून त्याच बोंडे तळतात.

मागच्या पोळ्याला गावातली बहुतेक हॉटेले बंद होती. नीलेशने आपले चालू ठेवले. सण सोडून कामावर येणाऱ्यांना त्याने पोळा आणि तान्हा पोळा असे दोन्ही दिवस दुप्पट मजुरी कबूल केली, हे चांगलेच केले. मनकर्णाबाईंना लेकीच्या कॉलेजच्या फीसाठी ती हवीच होती. तेवढा खर्च निघावा म्हणून त्याने बिलावर दहा टक्के जादा लावले. पण ते कुठेच लिहिले नाही.

दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. समुद्रपूरचे नत्थूजी, आमचे जुने गिऱ्हाईक, नात सुरभीला घेऊन आले. तिच्या हातात चाकांचा लाकडी बैल होता. या दिवशी बैल घेऊन दारी आलेल्या मुलांना आपल्याकडे बोजारा देतात, खाऊ नाहीतर थोडे पैसे. नीलेशने सुरभीला हौसेने दहा रुपये दिले. खाणे झाल्यावर नत्थूजींच्या हातात बिल आले.

“हे वरचे कायचे?”

“सणाचे आहेत, काकाजी.”

नत्थूजींनी सगळे पैसे दिले. मग शांतपणे म्हणाले, “एका हातानं पोरीले बोजारा देतं, अन् दुसऱ्या हातानं तिच्या आज्याकडून काढून घेतं. खायच्या अगोदर काऊन नाई सांगितलं रे?”

ते गेल्यावर नीलेश चिडूनच स्वयंपाकघरात आला. आजपासून जादा पैसे बंद आणि दुप्पट मजुरीही बंद, असे त्याने सांगून टाकले. मनकर्णाबाईंनी झारा खाली ठेवला.

“मी घरचा पोळा सोडून आली, नीलेशभाऊ. माया मेहनतीचा पैसा हाय तो. मंग लपून काऊन घेता?”

त्यांनी मला डब्यामागून ओढले, पदराने पुसले आणि बाहेर दाराजवळच्या गल्ल्यापाशी नेऊन उभे केले.

मग नीलेशने खडू शोधला आणि माझ्या तळाशी लिहिले, ‘सणाच्या दिवशी दहा टक्के जादा. हे पैसे आज कामावर आलेल्यांचे.’ अक्षर आईसारखे सुबक नव्हते, पण स्वच्छ होते.

दसऱ्याला नत्थूजी पुन्हा आले. दारातच थांबून त्यांनी त्या ओळीवरून बोट फिरवले आणि विचारले, “कोन आलं हाय आज कामावर?”

मनकर्णाबाईंनी स्वयंपाकघराच्या दारातून बेसनाने माखलेला हात वर केला.

“मंग आन दोन बोंडे,” नत्थूजी खुर्ची ओढत म्हणाले. “बाईनं सण सोडला, आपल्याले दहा टक्के नाई सोडता येत का?”

मित्रांनो, आता मी पुन्हा दारासमोर आहे. मला भिंतीकडे तोंड करून ठेवू देऊ नका. खाण्याआधी मला वाचा, आणि सणाची ती ओळ दिसली, तर एकदा स्वयंपाकघराच्या दाराकडेही बघा.