चाकापुढचा ठोकळा

मित्रांनो, मी लाकडाचा ठोकळा. जुना, कडा झिजलेला, पाठीला भोक. आता ठोकळ्याला कसलं आलंय आयुष्य, असं तुम्ही म्हणाल. म्हणा, मला सवय आहे. लॉरीचं कौतुक होतं, ड्रायव्हरला लोक हात करतात. ठोकळा आपला चाकापुढे, चिखलात. तरी बसा जरा. माझ्याशी बोलायला तसंही कोणी येत नाही.

वडाळ्याच्या यार्डात मी रुळाखालचा स्लीपर होतो. आम्ही हजारो भाऊ ओळीनं पडलेलो. अंगावर रूळ, रुळावर मालगाडी. सुख नव्हतं, पण शेजार होता. एक दिवस मी एका कडेनं कुजलो, म्हणून मला उपटून बाजूला फेकलं. भाऊ तिथंच राहिले. गाडी आली की त्यांचा धडधडाट लांबून ऐकू यायचा, आणि माझ्या अंगावर काहीच नाही. ओझं उतरलं की बरं वाटतं म्हणतात. मला नाय वाटलं.

बाबुराव सुतारानं माझा न कुजलेला तुकडा कापला. एका अंगाला उतार दिला, चाकाच्या पोटाखाली नीट बसावा म्हणून. पाठीत भोक पाडून काथ्याची दोरी ओवली आणि मला भिवाच्या हातात दिलं. "भिवा, भाकरी घरी विसरलास तरी चालेल. याला विसरू नको."

भिवा परळचा, लॉरी ड्रायव्हर. कॉटन ग्रीनच्या गोदामातून रुईच्या गासड्या भरायच्या आणि लालबागच्या गिरणीत नेऊन उतरवायच्या. लॉरी शेठची, लढाईत वापरून टाकलेली. हँडब्रेकचा दांडा ओढला की मिनिटभर धरायचा आणि मग हळूच सोडून द्यायचा. शेठला सांगितलं तर शेठ बोलायचा, "चालते ना? मग चालव." त्यानं पुढं लिंबू-मिरची तेवढी बांधली होती. भिवाला हसू यायचं. "लिंबू कधी गाडी थांबवतंय काय? ठोकळा थांबवतो." मित्रांनो, ते ऐकून माझी छाती फुगली. लाकडाची फुगते तेवढी.

गिरणीच्या गेटसमोरचा रस्ता पुलावरून खाली उतरत यायचा. आत एका वेळी दोनच लॉऱ्या घ्यायचे, बाकीच्यांनी उतारावर रांग लावायची. इंजिन बंद करायची सोय नव्हती. पुन्हा चालू करायला पुढून हँडल मारावं लागायचं, आणि ते असं उलटं यायचं की मनगट जायचं. म्हणून इंजिन चालू, गिअर मोकळा, आणि शंभर मण रुईची लॉरी धरायला मी एकटा.

मला लावायचं काम क्लीनर कुशाबाचं. देवगडकडचा माणूस, भिवापेक्षा वयानं मोठा, सदा तोंडात पान. गाडी थांबता थांबता उडी मारायचा आणि मला चाकापुढे सारायचा. भिवा ब्रेकवर पाय दाबून खिडकीतून ओरडायचा, "लागला?" कुशाबा वाकून बघायचा, मला एक लाथ घालायचा, आणि त्याच्या मालवणी बोलीत सांगायचा, "लागलो रे!" त्यानंतरच भिवाचा पाय ब्रेकवरून निघायचा. आधी नाही.

एकदा कुशाबाच्या तोंडात पानाचा तोबरा, उत्तरच देईना. भिवा तसाच बसून राहिला. मागचे लॉरीवाले भोंगे वाजवतायत.

"अरे बोल ना कुशाबा, पाय भरला माझा!"

कुशाबानं पान थुंकलं. "लागलो रे! तुझो पाय भरलो म्हणान माझा पान फुकट गेला, त्येचा काय?"

चांगले दिवस होते. मला दोघं होते.

मग संयुक्त महाराष्ट्राचे दिवस आले. आज मोर्चा, उद्या हरताळ, परवा रस्त्यात गोळीबार. हरताळाला लॉरी उभी राहायची, आणि हरताळ उठला की शेठला दोन दिवसांचा माल एका दिवसात हवा असायचा. त्यातच कुशाबाच्या गावाहून पत्र आलं. भाऊ गेला, शेती करायला कोणी नाही. "येतंय रे चार म्हयन्यांत," बोलला आणि बोटीत बसला. आला नाही.

शेठनं दुसरा क्लीनर दिला नाही. "ठोकळा लावायला काय माणूस लागतो?"

मग सगळं भिवावर आलं. दांडा ओढायचा, उडी मारायची, धावत पुढं येऊन मला लावायचं. आणि लावून झालं की सवयीनं ओरडायचा, "लागला?" पुलावरून ट्राम जायची, गिरणीचा भोंगा व्हायचा, उत्तर कुठून येणार? तरी तो क्षणभर थांबायचा. एक दिवस थांबून थांबून त्यानं स्वतःच कुशाबाचा आवाज काढला. "लागलो रे!" आणि एकटाच हसला. ते हसणं मी ऐकलं, दुसरं कोणी नाही. त्या दिवसापासून दोन्ही आवाज तोच काढायला लागला.

छप्पनच्या डिसेंबरात बाबासाहेब गेले. भिवा दादरच्या चौपाटीवरून परत आला आणि पंधरा दिवस काहीच बोलला नाही. मुकाट मला लावायचा, मुकाट काढायचा. शंभर मण रुई मला कधी जड झाली नाही. ते पंधरा दिवस मात्र जड झाले.

पुढं वर्षं गेली, आणि हळूहळू एक गोष्ट बिघडली. भिवा आधी मला लावून, वाकून, बघून बोलायचा. मग लावता लावता बोलायला लागला. मग लावायच्या आधीच. तो वाईट नव्हता हो. पहाटे चारपासून गाडीवर, खेपेवर खेप, बाजूला बोलायला कोणी नाही. हात दमतात, तोंड मात्र सवयीनं चालू राहतं. मला कळत होतं, पण ठोकळ्याला तोंड नाही.

साठ सालचा तीस एप्रिल. उद्या महाराष्ट्र होणार म्हणून लालबाग सजत होतं. उताराच्या तळाशी बांबूची कमान, बायका तोरणं बांधतायत. कमानीखाली गंगुबाई नेहमीसारखी बसली होती. ही पाट्या-वरवंट्यांना टाकी लावायची. छन्नी-हातोडी घेऊन दगडाशी भांडल्यासारखी ठोकत बसायची. भिवाची तिसरी खेप होती आणि डोळे लाल होते. तळाशी त्याची बायको जाईबाई डबा घेऊन उभी दिसली. भिवानं दांडा ओढला.

"लागला?" तो बोलला. "लागलो रे!" तोच बोलला. आणि उतरून चालायला लागला.

मित्रांनो, मी केबिनमध्ये होतो. सीटखाली, दोरीसकट. अरे भिवा, मी इथं आहे. मी इथं आहे रे!

मिनिटभर काही नाही. मग दांडा सुटल्याचा तो आवाज, जो मला झोपेतही ओळखू आला असता. लॉरी निघाली. भिवाची पाठ पुढं, समोर जाईबाई, मागं कमान आणि सगळ्या बायका. मी चाकापुढे नाही तेव्हा कोण असतं, ते मी पहिल्यांदा बघितलं.

"अवो! गाडी!" जाईबाई किंचाळली.

भिवा वळला आणि काय करावं? दोन्ही हात लावून लॉरी अडवायला उभा राहिला. गुरं अडवतात तशी. लॉरीनं त्याला ढकलत आणलं. तेवढ्यात गंगुबाई उठली. पुढ्यातला पाटा तिनं चाकापुढे सारला. त्याचे दोन तुकडे झाले. तिनं दुसरा सारला. तो तडकला, पण त्यानं धरलं. लॉरी थांबली ती जाईबाईपासून हातभर अंतरावर. डबा खाली पडलेला, आमटी रस्त्यावर.

"मुडद्या, ठोकळा कुठाय तुझा?" गंगुबाई ओरडली.

"लावला की, मावशी. मी विचारलं. उत्तर आलं ना..."

"कोण बोललं?"

भिवानं आपले हात बघितले. हातांना इंजिनाच्या जाळीचे चटके बसलेले. मग बोलला, "मीच."

जाईबाई नुसती बघत राहिली त्याच्याकडे. चार वर्षं हा माणूस दिवसभर कोणाशी बोलतो, हे तिला तेव्हा कळलं.

गंगुबाईनं पाट्याचा तुकडा उचलला, बघितला, टाकून दिला. "आपणच विचारतोय, आपणच सांगतोय! माझ्या दोन पाट्यांचं जाऊ दे. उद्यापासून इथं थांबलास की मला विचारायचं. मी उठून बघीन, मग बोलीन. आणि मी नसले तर बस ब्रेकवर, पाय कुजला तरी."

तसंच झालं. भिवानं लॉरी सोडली तोवर ती म्हातारी रोज उठायची, कमरेवर हात ठेवून वाकायची, मला बघायची. "लागला. जा, जेव."

लॉरी भंगारात गेली. भिवानं मला घरी आणलं. परळच्या चाळीतलं त्याचं दार वाऱ्यानं आपटायचं, तिथं मला लावलं. संध्याकाळी खाटेवरून विचारायचा, "लागला?" आतून जाईबाई बोलायची, "थांबा, बघून सांगते." आणि खरंच येऊन बघायची. भिवा त्याशिवाय पाठ टेकायचा नाही.

मग भिवा गेला.

आता कोणी विचारत नाही. बाहेर लॉऱ्या धावतात, त्यांचे ब्रेक चांगले आहेत म्हणतात. असू देत. पण मित्रांनो, तुमच्यातला कोणी उद्या गाडीवर बसेल, तर त्याला एकट्याला प्रश्न आणि एकट्याला उत्तर असं ठेवू नका. कोणी विचारलं तर उठा, बघा, मग बोला.

परवा वारा सुटला. जाईबाईनं मला पायानं दाराखाली सारलं, आणि तिच्या तोंडातून निघून गेलं, "लागला?"

खोलीत कोणी नव्हतं. ती थांबली. उत्तर दिलं नाही. गुडघे दुखतात तिचे, तरी चौकट धरून खाली बसली, मला हात लावून बघितलं, जरा हलवून बघितलं.

मग हळूच बोलली, "लागला."