कावळ्याचं पाऊल

ज्या पत्राला मी उत्तर दिलं नव्हतं, ते ताईचं पत्र सात वर्षं माझ्या ओव्हनमध्ये होतं. ओव्हन आधीच्या भाडेकरूने मागे ठेवलेला. मला स्वयंपाक म्हणजे भात आणि अंडं एवढाच येतो, म्हणून कोरडी जागा बघून मी त्यात शब्दकोशाचे चार खंड ठेवले होते. पत्र तिसऱ्या खंडात होतं.

एकच कागद. पुढच्या बाजूला ख्यालीखुशाली: झाडांची पानं पिवळी पडायला लागली, गुडघा कुरकुरतो, फोनवरचं आता काही ऐकू येत नाही. मागच्या बाजूला एकाच तव्यात होणाऱ्या सॉसेज आणि भाज्यांची कृती. आणि पुढच्या बाजूच्या समासात, उभी लिहिलेली एक ओळ: ‘दार लावलंस की परतू नकोस.’

माझ्यासारख्याला एवढं पुरे झालं. भावजी गेल्यावर मी ताईकडे राहायला गेलो होतो. पत्राच्या तीन आठवडे आधी मी ते घर सोडलं. कारण सांगायला लाज वाटते. तिने माझ्या जुन्या मासिकांचे गठ्ठे न विचारता रद्दीत दिले. मी आयुष्यात पहिल्यांदा दार आपटलं, आणि तेही धड जमलं नाही. कडी लागलीच नाही, म्हणून चार पायऱ्या उतरून पुन्हा वर गेलो आणि दार हळूच ओढून घेतलं. ताईने ते आतून पाहिलं असणार. ती ओळ त्या दाराबद्दलच होती, याबद्दल मला शंका नव्हती. कृतीचा अर्थही मी लावून टाकला: आता तुझं तू शिजवून खा. मथळ्यापुढे ती बाजू मी वाचलीच नाही. आणि ताईचा नियम होता, उत्तर आल्याशिवाय दुसरं पत्र लिहायचं नाही.

गेल्या शनिवारी दुपारी दारात भाची उभी राहिली. इतकी वर्षं ती परदेशी नोकरीला होती. वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी जड तिने छातीशी धरलं होतं.

“घे आधी मामा, हात तुटले!”

तो ताईचा बिडाचा तवा होता. काळाभोर, खोलगट, दोन कानांचा.

“आई पुढच्या रविवारी घर सोडतेय,” ती म्हणाली. “माझ्याकडे राहायला येतेय. सगळं वाटून टाकलं, पण हा कुणाला देईना. म्हणाली, मामाला दे, त्याच्याकडे अजून भांडं नसेल.”

मी तवा हातात घेऊन उभाच राहिलो. ‘परतू नकोस’ म्हणणारी बाई तवा कशाला पाठवेल? की ही शेवटची वाटणी? विचारायचा धीर झाला नाही. मी म्हणालो, “चहा घेतेस?”

“चहा कसला! भूक लागलीय. तेच करू या, आईचं. मला पाठ आहे. तू सॉसेज घेऊन ये, मी भाज्या आणते.”

कोपऱ्यावरच्या खाटकाच्या दुकानात मी त्या दिवसापर्यंत कधी पाऊल ठेवलं नव्हतं. दुकानदारीणबाईंनी विचारलं, “जाड की बारीक?” मी म्हणालो, “मध्यम.” त्या म्हणाल्या, “आजोबा, ही काय चपलेची मापं आहेत? माणसं किती?” “एक पाहुणी.” “म्हणजे तुम्हाला धरून दोन. का तुम्ही नुसतं बघणार?” त्यांनी सहा जाड सॉसेज बांधून दिले.

घरी आलो तर भाची ओव्हनसमोर उकिडवी बसून हसत होती.

“मामा, यात पुस्तकं आहेत.”

“शब्दकोश.”

“भाजलेले शब्द आवडतात का तुला?”

आम्ही खंड बाहेर काढले. मग तिने लाल भोपळ्याच्या फोडी केल्या, गाजरं उभी चिरली, कांद्यांचे चार चार भाग केले, बटाटे सालासकट ठेवले. लसूण न सोलता टाकला आणि वर दोन आंबट सफरचंदंही. मी मीठ आणि तेल लावलं. तेवढं जमलं. सगळ्यांच्या मधोमध सॉसेज मांडून तवा आत गेला.

ओव्हनच्या आत दिवा आहे हे मला माहीत नव्हतं. मी काचेसमोर स्टूल घेऊन बसलो. आधी काहीच होईना. मग कुठेतरी चर्र आवाज आला. भोपळ्याच्या कडा आधी ओलसर चमकल्या, मग तांबूस झाल्या. सॉसेजची कातडी ताणली, एक फुटला, त्याची चरबी वाहत बटाट्यांखाली गेली आणि तिथे बुडबुडे उठले. कांद्याच्या पाकळ्या एकमेकींपासून सुटल्या. सफरचंदं आपापल्या सालीत बसून हळूहळू खचली. कुणीही हात लावत नव्हतं आणि सगळं बदलत होतं. एवढं मोठं काही रोज घराघरांत चालतं आणि मी सत्तरी ओलांडली तरी ते पाहिलं नव्हतं.

पण शंकेखोर माणूस मी. खालून करपेल असं वाटायला लागलं. मी कालथा घेतला आणि ओव्हनचं दार उघडलं.

“अरे मामा!” भाची ओरडली. “दार लावलंस की परतू नकोस!”

कालथा माझ्या हातात तसाच राहिला.

“काय म्हणालीस?”

“आईचं वाक्य आहे ते. सारखं परतलं की भाज्यांचा गाळ होतो. कितीदा ओरडा खाल्लाय मी त्यावरून. लाव ना दार, वाफ चाललीय!”

मी दार लावलं. तिसरा खंड उघडला, पत्र काढलं आणि सात वर्षांत पहिल्यांदा मागची बाजू वाचली. ‘तवा ओव्हनमध्ये ठेव’ या शब्दांपुढे, ओळीखाली, एक बारीकशी खूण होती. कावळ्याचं पाऊल.

मी चाळीस वर्षं छापखान्यात प्रूफं तपासली. ओळीत काही राहून गेलं की ते समासात लिहायचं आणि जिथे बसवायचं तिथे कावळ्याचं पाऊल काढायचं. ताईला ती खूण मीच शिकवली होती. मागे समास उरला नव्हता, म्हणून तिने ती ओळ पुढच्या बाजूला लिहिली, आणि तिच्या भावाला कळेल अशी खूण करून ठेवली. दुसऱ्या कुणाला कळली नसती तर समजू शकतो.

“ती कधी काही बोलली का?” मी विचारलं. “माझं उत्तर आलं नाही म्हणून?”

“दरवर्षी पानं गळायला लागली की मला पत्रात लिहायची, त्याला बिचाऱ्याला अजून ओव्हन मिळाला नसेल.”

सात वर्षं तिने दोष ओव्हनला दिला होता. चष्मा पुसायचं निमित्त केलं.

तवा बाहेर आला तेव्हा खोलीभर गोडसर, खमंग वास पसरला. आम्ही तव्यातच जेवलो, दोन काटे घेऊन. बटाट्यांची खालची बाजू सोनेरी, कुरकुरीत झाली होती. परतले असते तर झाली नसती.

जेवण होताच मी कागद घेतला. पाच मसुदे फाडले. सहावा असा होता: ‘ताई, पत्र मिळालं. आज केलं. ओव्हन होता. चूक माझी. मी पुढच्या रविवारी येतो.’ वाचून पाहिलं. तपासायची सवय जात नाही. एक शब्द राहिला होता. ‘येतो’च्या आधी मी कावळ्याचं पाऊल काढलं आणि समासात लिहिलं: परत.

“दे इकडे, मीच नेते,” भाची म्हणाली. “रात्री आईकडेच जातेय.”

“नको. तिचं पोस्टाने आलं होतं.”

“मामा, तू पण ना!”

ती बसथांब्याकडे वळली. मी कोपऱ्यावरच्या पेटीपाशी थांबलो. पत्ता दोनदा तपासला. तिसऱ्यांदा तपासायला पाकीट वर धरलं, पण मग तसंच आत सोडलं.