काशीला काय सोडायचं?

मित्रांनो, मी एक जुनी तांब्याची तपेली आहे. माझ्या कडेला एक पोचा आहे, आणि बुडावर काजळीचे इतके थर आहेत की ते उतरवले तर आत आणखी एक लहान तपेली निघेल. पुण्याच्या तांबट आळीत मी घडले. तांबटाने मला अकरा हजार ठोके घातले. खोटे वाटत असेल तर मोजून बघा. माझ्याकडून एखाददुसरा चुकला असेल.

साळूबाई लग्न होऊन मुळशी खोऱ्यात आली, तेव्हा तिच्यामागून बैलगाडीत मीही आले. तेव्हापासून माझे काम एकच, आंबेमोहोर तांदूळ शिजवणे. भाताला कढ आला आणि झाकण जरा सरकले की वास पार घोटावड्यापर्यंत जाई. तिकडचा एक म्हातारा तेवढ्या वासावर कोरडी भाकर पोटभर खात असे. वारा फिरला तर बिचारा उपाशी राही. कुणाकडे पाहुणे आले की मला मागून नेत आणि परत देताना नुसते घासून देत नसत, लिंबू लावून देत.

पण आज मी सांगणार आहे ती माझ्या जिवाला लागलेल्या घोराची गोष्ट. एकोणीसशे वीसनंतरचे दिवस. खालच्या रानात धरणाच्या खुणांचे दगड रोवले गेले होते. पाणी कधी चढेल, कुणाचे घर कुठे जाईल, कुणालाच ठाऊक नव्हते. अशात साळूबाईचा नवरा हैबतराव एका सकाळी म्हणाला, "फुडल्या साली आपुन कुटं आसू, कुनाला ठावं? सुगी आवरलीया. हातपाय चालत्यात तवर काशी करून येऊ."

शेजारच्या कुशाबाला बोलावणे गेले. कुशाबा काशीला जाऊन आला होता. निदान तो तसे सांगे. त्याने ओसरीवर माझे झाकण उपडे टाकले आणि त्यावर तांदळाचे दाणे मांडून गावे दाखवायला सुरुवात केली.

"ह्ये पुनं. हितनं आगगाडी. ह्ये नाशिक. ह्ये उज्जैन, महाकाळाचं. ह्यो प्रयाग, ही काशी. फुडं गया, मग जगन्नाथपुरी, आन् पार ह्या टोकाला रामेसर."

"आन् खायाप्याचं?" हैबतरावाने विचारले.

"काशीत सकाळी कचोरी-जिलेबी, दादा. वरनं मलई. आन् पुरीला देवाचा भात! मातीच्या सात हंड्या एकीवर एक. जाळ खाली, पन वरच्या हंडीतला भात पैला शिजतो."

मित्रांनो, थापा मारण्यात माझा हात कुणी धरणार नाही असे तोवर मला वाटत होते. पुढे कळले, पुरीला लोक खरेच तसे सांगतात. तेवढ्यात कोंबडी आली आणि तिने उज्जैन टिपले.

"आरं आरं! म्हाकाळ गेला की!" हैबतराव ओरडला.

"जाऊ द्या, दुसरा ठिवतो. पन काशीला काय सोडायचं, ते ठरलंय का?"

काशीला जाणाऱ्याने आपल्या आवडीचा एक पदार्थ गंगेत उभे राहून सोडायचा आणि पुन्हा जन्मभर तोंडात घालायचा नाही, अशी रीत.

"म्या कारलं सोडनार," हैबतराव लगेच म्हणाला.

"कारलं!" साळूबाई आतून कडाडली. "उभ्या जल्मात खाल्लंय का कवा? देवाला फशिवताय व्हय?"

"देवाला काय कळतंय?"

"म्या सांगंन की!"

कुशाबा हसून हसून खोकायला लागला. "मंग वैनी, तुमी काय सोडनार?"

साळूबाई उंबऱ्याशी येऊन उभी राहिली. "भात," ती म्हणाली. "गेणबा तापात बरळत हुता, तवा बोललेय म्या. पोरगं उठू दे, लई आवडीचं आसंल त्येच काशीला सोडीन."

माझे बूड चुलीवर असून गार पडले. भात न खाणाऱ्या बाईच्या घरात भाताच्या तपेलीला कोण विचारतो? आज फडताळावर, उद्या अडगळीत, परवा मोडीत.

पण घोर काही मला एकटीलाच लागला नव्हता. कुशाबा दाण्यांकडे बघत डोके खाजवू लागला. "वैनी, काशीच्या फुडं पुरी येती. देवाचा भात न्हाई म्हनला तर देवाचा अपमान."

"मंग पुरी आदी करा."

त्याने पुरी उचलून काशीच्या अलीकडे ठेवली. गयाही हलली. प्रयाग झाकणावरून घरंगळला. शेवटी त्याने रामेश्वरावर बोट ठेवले आणि तोंड पाडले. "ह्येचं काय करायचं? तिकडल्या मुलखात तिन्ही त्रिकाळ भातच. तुमी काय खानार?"

तीन दिवस हेच चालले. रामेश्वर गाळावा तर यात्रा अपुरी. भात सोडू नये तर साळूबाई बोल मोडणार नाही. तिसऱ्या दिवशी हैबतराव वैतागून उठला. "ऱ्हाऊ द्या मंग! काशीच नगं!"

साळूबाईच्या डोळ्यांत पाणी आले. तिने सगळ्यांना जेवायला वाढले. नवरा, गेणबा, गडी, कुशाबा, सगळे उठल्यावर तिने मला मांडीशी ओढले आणि उलथण्याने बुडाशी चिकटलेला करपट पापुद्रा सोडवू लागली. त्याला खरवड म्हणतात. तोंडापर्यंत नेलेला घास तिने खाली ठेवला.

"अवं," तिने हाक मारली, "ठरलं माजं. म्या खरवड सोडते."

हैबतराव दारात आला. "खरवड? ती कंदीपासनं आवडती तुला?"

"तीस वर्सांत मला दुसरा भात खाताना बघितलंसा?" ती शांतपणे म्हणाली. "पैल्यांदा खाल्ली ती उरती म्हनून. मंग गोडच लागाया लागली. भात म्हंजी मला हीच ठावी."

हैबतराव वाकला आणि त्याने माझ्यात बघितले. सबंध आयुष्यात तो पहिल्यांदा माझ्या बुडापर्यंत बघत होता. तिथे मऊ शीत एकही नव्हते. मग ओसरीकडे तोंड करून एवढेच म्हणाला, "कुशाबा, पुरी जितं हुती तितंच ठिव. रामेसर बी."

ते गेले. साळूबाईने गंगेत कमरेइतक्या पाण्यात उभी राहून खरवड सोडली. परत आल्यावर यात्रेचे मावंदे घातले, गाव जेवायला आला. तिचा नेम मोडायचा नव्हता. म्हणून वरचा मऊ भात आधी तिच्यासाठी काढून ठेवणे भाग पडले. हैबतरावाने तो स्वतःच्या हाताने काढला. सवय नसल्यामुळे अर्धा सांडला.

मित्रांनो, मला वेळेवर कल्हई करा, लोखंडी उलथण्याने ओरबाडू नका, एवढे मागणे तर आहेच. पण ते नाही जमले तरी चालेल. जेवून हात धुवायला उठाल, तेव्हा एकदा तपेलीत वाकून बघा. आणि घरात अजून कोण जेवायचे राहिले आहे, ते विचारा.