काळ चौघडिया आणि भरती

"बाय, पानी कोनाची वाट बगत नाय," होडीचा तांडेल धाकू दुसऱ्यांदा म्हणाला, आणि सरोजिनीनं वळून नवऱ्याकडं पाहिलं.

दाभोळच्या धक्क्यावर उजाडत होतं. भरती नुकती लागली होती. तिच्यासंगं शीड उभारलं, की दुपारपर्यंत खाडीच्या वरच्या अंगाला, माहेरी. तिथं आज गोरज मुहूर्तावर धाकट्या उषेचं लग्न. आई गेल्यावर सरोजिनीनंच तिला न्हाऊमाखू घातलेलं. त्या अक्षतांसाठी ती पार ग्वाल्हेरहून, आगगाडी नि आगबोट करत आली होती.

पण तिचे यजमान महिपतराव पायरीवर बसून राहिले. दरबारी कचेरीतला माणूस. हातात ग्वाल्हेरच्या खासगी बाजारातल्या जोशीबुवांनी लिहून दिलेला, शुभाशुभ वेळांचा, चौघडियांचा कागद.

"शनिवारी उगवतीला काळ चौघडिया. दीड तासानं शुभ लागेल. जरा ठहर!"

"अहो, पण ओहोटी..."

"तू चुप बैस."

ती चुप बसली. बारा वर्षं बसत आली होती तशीच. दीड तास पाणी तिच्या डोळ्यांदेखत वर चढत गेलं, रिकामंच. तिच्या ओठांत ओवी घोळू लागली:

खाडीचं ग पाणी, नाही कुणाचं चाकर
माझ्या बहिणीच्या मांडवा, मला नेईना लवकर

शुभ चौघडियावर होडी सुटली. काठची कांदळाची झाडं मागे पडली, बगळे मागे पडले. पण दुपारी पाणी उलटलं. वल्ही मारून गड्यांचे खांदे भरून आले, आणि कोसभर अलीकडेच होडी गाळात रुतली ती रुतलीच.

"आता रातच्या भरतीला," धाकू कपाळ पुसत म्हणाला.

"नालायक!" महिपतराव गरजले. "होडी हाकता येत नाही? आमच्या ग्वाल्हेरात असतास तर चाबकानं फोडला असता!"

सरोजिनी ताडकन उठून उभी राहिली.

"त्याला बोलायचं काम नाही! पहाटे हात जोडत होता तो. खाडी म्हणजे काय तुमची कचेरी, की तुम्ही याल तेव्हा उठून मुजरा करील? पोर माझी वाट बघत्येय तिथं!"

होडीतले गडी खाली बघू लागले. तिनं पदर खोचला, लुगडं गुडघ्यांवर घेतलं.

"अगं, कुठं? लोक काय म्हणतील! चिखलात सुसरी असतात!"

"असू देत. त्या निदान कागद बघून तोंड उघडत नाहीत."

"बाय, कांदळाच्या मुळांवर पाय दे," धाकू हळूच म्हणाला. "पलीकडं बांध लागंल."

ती उतरली. गाळानं मांडीपर्यंत ओढलं, मुळांनी पोटऱ्या सोलल्या. बांध लागला तशी ती धावतच सुटली.

मांडवात अंतरपाट धरला होता. भटजींचा सूर चढला होता. कुणी बाई पुढं आली, "अगो, पाय तरी धू!"

"पाय मग," सरोजिनी धापा टाकत म्हणाली, आणि चिखलानं माखलेली ओंजळ पुढं केली. "आधी अक्षता दे."