चेहरा कधी सुजला

फोटो स्टुडिओच्या मागच्या खोलीत बसून लोकांचे चेहरे नीट करणाऱ्या त्या बाईला गल्लीत सगळे 'सुधारणावाली' म्हणत. कुणाच्या एका हनुवटीच्या दोन झालेल्या असोत, कुणाच्या डोळ्यांखाली काळं आलेलं असो, तिच्या पडद्यावरून फिरून आलं की माणूस दहा वर्षांनी हलका होऊन बाहेर पडे. फोटो सुधारतात, माणसं सुधारत नाहीत, हे तिला लग्नाच्या पहिल्याच वर्षी कळलं होतं.

स्टुडिओ तिच्या वडलांनी काढलेला. नवरा मुळात त्यांचाच मदतनीस. चुणचुणीत, गोडबोल्या, काडीपैलवान. वडलांनी त्याला आधी कॅमेरा दिला, मग मुलगी दिली, मग धंदाही त्याच्या नावावर केला. जागा मात्र मुलीच्या नावावर ठेवली. म्हातारा भोळा होता, पण पुरता नव्हता.

सात वर्षांपूर्वी एका भरल्या दुपारी, एका शाळेचे शिक्षक रांगेत उभे असताना, ह्या जावयानं सासऱ्याच्या हातातून कॅमेरा काढून घेतला. "मामा, हाताला कंप आणि डोळ्याला पडदा. इथं लोक स्वतःचा फोटो काढायला येतात, भुताचा नाही." शिक्षक हसले. म्हाताऱ्यानं गळ्यातला पट्टा काढून टेबलावर ठेवला, आणि त्याच संध्याकाळी तो धाकट्या भावाकडे राहायला गेला. पुढच्या वर्षी तिथंच वारला. मधल्या काळात स्टुडिओची पायरी काही तो चढला नाही.

सुधारणावाली तेव्हा काही बोलली नाही. न बोलणाऱ्या बाईला लोक सोशिक समजतात. ही सोशिक नव्हती, ही मांडून ठेवत होती. तिच्या डोक्यात नवऱ्याची खतावणी होती, आणि तिच्यात जमेची बाजू जवळपास कोरीच होती. जागा वापरायचा करार नवऱ्याच्या नावे होता आणि तो ह्या वर्षी संपत होता. नव्या करारावर सही तिची लागणार होती. तिनं एका सकाळी चहाचा कप त्याच्यापुढे ठेवून सांगितलं, "ह्या वेळी सही नाही. तुमचे कॅमेरे उचला आणि दुसरीकडे दुकान बघा."

आणि नेमकं तेव्हाच दुखणं उघडं पडलं. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ.

दुखणं तसं कित्येक दिवस अंगावर वावरत होतं, पण प्रत्येकानं त्याचा एकेक तुकडा धरला होता. साखर वाढली म्हणून साखरेची गोळी, रक्तदाब वाढला म्हणून त्याची गोळी. काडीपैलवानाचं पोट माठासारखं पुढं आलं होतं आणि हातपाय मात्र काड्याच राहिले होते. तोंड वाटोळं आणि लालबुंद. पोटावर जांभळे पट्टे. दाराची कडा नुसती घासली तरी हातावर काळानिळा डाग. बसक्या स्टुलावरून उठायचं तर कशाला तरी धरावं लागे. शेवटी एका नव्या डॉक्टरनं हे सगळे तुकडे एकत्र बघितले आणि त्याला ग्रंथींच्या डॉक्टरीणबाईंकडे धाडलं.

तपासण्या झाल्या. त्यांतली एक अशी, की दिवसभराची आणि रात्रीची सगळी लघवी एका मोठ्या कॅनमध्ये साठवायची आणि कॅन थंड जागी ठेवायचा. मोठ्या नणंदबाई त्या वेळी भावाच्या काळजीनं त्याला आपल्याच घरी घेऊन गेल्या होत्या. पण कॅन त्यांनी काही आपल्या फ्रीजमध्ये ठेवू दिला नाही. भावाचा पुळका तिथपर्यंत पोचत नव्हता. सुधारणावालीनं तो घरी आणून भाजीशेजारी ठेवला.

निकाल ऐकायला तिघंही गेली. डॉक्टरीणबाई सावकाश बोलणाऱ्या होत्या.

"मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोप्या घातल्यासारख्या दोन ग्रंथी असतात. त्या कॉर्टिसोल नावाचा रस तयार करतात. पहाटे तो भरपूर लागतो, रात्री अगदी कमी. किती करायचा हा हुकूम मेंदूच्या खाली बसलेली वाटाण्याएवढी पिट्यूटरी देते. ती मुकादम, ह्या कामकरी."

"मुकादम वाटाण्याएवढाच का?" नणंदबाईंनी विचारलं.

"मुकादम नेहमी लहानच असतो, ताई. आता, आम्ही रात्री एक गोळी दिली ना, ती म्हणजे बाहेरून आणलेला माल. शहाणा मुकादम म्हणतो, माल आलाय, काम थांबवा. मग सकाळच्या रक्तात कॉर्टिसोल नावापुरता उरतो. ह्यांचा जसाच्या तसा चढलेला. लघवीतही खूप. आणि मुकादमाचा हुकूमही चालूच, म्हणजे बिघाड वरच आहे. डोक्याच्या स्कॅनमध्ये तिथं दाण्याएवढी गाठ दिसते. साधी गाठ आहे, कॅन्सर नाही. नाकातून जाऊन काढता येते."

नवऱ्यानं रुमालानं मान पुसली. "आणि झोप येत नाही, डोकं सारखं तापलेलं असतं, ते?"

"तेही ह्यातच येतं. चिडचिड, संताप, रडू. घरातल्यांना फार सोसावं लागतं."

नणंदबाई ह्या वाक्याचीच वाट बघत असाव्यात. त्यांनी भावजयीकडे मान वळवली. "ऐकलंस ना, वहिनीबाई? तो नव्हताच बोलत. गाठ बोलत होती."

"कुठल्या वेळी?"

"सगळ्या वेळी."

"गाठ मोठी तोंडाळ दिसते," सुधारणावाली म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं. "मला ह्यांचे जुने फोटो हवेत. दर वर्षाचा एक. माणूस रोज आरशात बघतो, म्हणून बदल त्याला दिसत नाही, फोटोत दिसतो. आजार किती जुना आहे त्यावर हाडं आणि हृदय किती बारकाईनं बघायचं ते मी ठरवते. आणि ऑपरेशननंतर ग्रंथी सुस्तावतात, त्यांना जागं व्हायला किती वेळ द्यावा लागेल त्याचाही अंदाज येतो."

बाहेरच्या बाकावर नणंदबाईंनी भावाला बसवलं आणि भावजयीला भिंतीशी गाठलं. "बघ, दवाखान्यात उभी राहून बोलतेय, खोटं नाही बोलणार. तुझ्या वडलांच्या वेळी हा आजार अंगात होता असं फोटोंवरून निघालं, तर करारावर सही करायची. आजारी माणसाच्या तोंडचं मनावर घ्यायचं नसतं."

"आणि तेव्हा आजार नव्हता असं निघालं तर?"

"तर मी पुन्हा ह्यात तोंड घालणार नाही."

"वन्सं, एवढी मोठी पैज लावू नका. झेपायची नाही." पण तिनं मान डोलावली. बाकावरचा माणूस दोघींकडे आळीपाळीनं बघत होता, जणू कुणा तिसऱ्याबद्दल बोलणं चाललं होतं.

पैज तिनं उगाच घेतली नव्हती. स्टुडिओ उघडल्याच्या तारखेला दर वर्षी दारात सगळ्यांचा एक फोटो निघे आणि भिंतीवर चढे. चार वर्षांपूर्वीचा घ्या की सहा, त्या भिंतीवर नवरा शिडशिडीत होता. कारण दर वर्षी तो मागच्या खोलीत येऊन सांगे, "अगं, गाल जरा आत घे," आणि ती घेई. ही भिंत डॉक्टरीणबाईंपुढे मांडली की आजार फार तर दोन वर्षांचा ठरणार, आणि त्याच्या आधीचं सगळं नवऱ्याच्या खात्यावर चढणार. हाडं कमी तपासली गेली तर गेली. हाडं त्याची होती.

तिनं सगळे फोटो उतरवून वर्तमानपत्रात बांधले. गाठही मारली. पण हिशेबी माणसाला दुसऱ्याला खोटी बेरीज दाखवता येते, स्वतःला खरी माहीत नसली तर मात्र त्याला अन्न गोड लागत नाही. आपण नेमकं काय काय कापलं होतं ते बघायला तिनं संगणकावरचे मूळ फोटो उघडले.

वडील स्टुडिओ सोडून गेल्यानंतरच्या पहिल्या फोटोत नवऱ्याचे गाल भरलेले होते. तोंडावर लाली, मानेमागं कॉलरवर आलेला मांसाचा उंचवटा, गळ्याचं बटण उघडं. हे सगळं तिनंच पुसलं होतं. म्हणजे नणंदबाई बहुधा खऱ्या होत्या. ती बराच वेळ त्या गालांकडे बघत राहिली, आणि तिला आलेला राग नवऱ्यापेक्षा त्या गालांवर जास्त होता. सात वर्षं गुन्हेगार म्हणून जपून ठेवलेला माणूस हे गाल तिच्या हातातून काढून नेत होते.

मग त्याच्या आदल्या वर्षीचा उघडला. वडील मधल्या खुर्चीवर, नवरा मागं उभा. जबड्याचं हाड कागद कापेल असं. ह्याला हात लावायची तेव्हा गरजच पडली नव्हती. मात्र भिंतीवरचा फोटो वडलांनी दोन्ही बाजूंनी घट्ट कापला होता. "आपण काय दार विकायला काढलंय?" असं ते म्हणायचे. मूळ फोटोत दार होतं. दार उघडं होतं, आत भिंतीला एक पाटी टेकून ठेवली होती आणि तिच्यावरचं फडकं अर्धं घसरलं होतं.

तिनं चित्र मोठं केलं. पाटीवर तिच्या नवऱ्याचं नाव होतं. एकट्याचं.

ही पाटी ती ओळखत होती. रोज तिच्याखालून जात होती. वडील काकांकडे राहायला गेल्यावर ती चढली तेव्हा नवरा हात जोडून म्हणाला होता, "रागाच्या भरात झालं गं माझ्याकडून. पण आता ते येत नाहीत म्हटल्यावर त्यांच्या नावाची पाटी कशी ठेवू? म्हणून घाईनं रंगवून घेतली." ती घाई फोटोत म्हाताऱ्याच्या पाठीमागं फडकं पांघरून बसली होती, भांडणाच्या कित्येक महिने आधी, आणि म्हातारा तिच्याकडे पाठ करून मजेत हसत होता.

वर्तमानपत्राचं बोचकं तिनं कोपऱ्यात सरकवलं. खोट्या भिंतीची आता गरज नव्हती. मूळ फोटो तिनं न कापता छापले.

डॉक्टरीणबाईंनी ते टेबलावर ओळीनं मांडले. एकेक चेहरा बघत बोट पुढं सरकलं. "इथं काही नाही. इथंही नाही. हा बघा, इथं आहे. ह्या दोहोंच्या मध्ये कधीतरी सुरू झालं. सातेक वर्षं धरून चालू. बरं झालं आणलेत, मी तर कमी समजत होते. हाडांची तपासणी आता नीटच करू."

बाहेर येताच नणंदबाईंचा चेहरा उजळला. "झालं ना? तुझ्या वडलांच्या वेळी अंगात होतंच. आता सही."

"तुमचा चष्मा आहे का, वन्सं?"

"आहे की. का?"

"हा बारीक तोंडाचा फोटो बघा. तोंड नका बघू, दारातून आत बघा."

नणंदबाईंनी फोटो नाकाशी धरला. ओठ हलवत पाटीवरचं नाव वाचलं, मग फोटोची तारीख वाचली, मग परत नाव. बाकावर बसलेल्या भावाकडे फोटो देताना त्यांचा आवाज खाली आला होता. "ही पाटी तर तू नंतर रंगवलीस ना?"

त्यानं फोटो मांडीवर धरला. घाम कपाळावरून भुवईत उतरला. "मी मामांना सांगणारच होतो, ताई. सवड बघत होतो."

"आणि सवड सापडली ती रांगेतल्या शिक्षकांसमोर," सुधारणावाली म्हणाली.

"त्या दिवशीचं ते बोलणं तरी माझं नव्हतं. डॉक्टरांनी तुझ्यासमोर सांगितलंय."

"नव्हतं तर नव्हतं. भुताचा फोटो मी तुमच्या आजाराच्या नावे टाकते, शिक्षकांचं हसणंही टाकते. आजारानं सगळं घ्यावं. पण ही पाटी तुम्ही ह्या बारीक जबड्यानं सांगून करून घेतलीत, तेव्हा रात्री झोप शांत लागत होती तुम्हाला. तिचं काय करू?"

नणंदबाईंनी चष्मा काढून पदरानं पुसायला घेतला आणि तो पुसून होईना. पैजेचं नाव कुणी काढलं नाही.

"तरी ऑपरेशनला…" त्या एवढंच म्हणाल्या.

"येणार. त्या कागदावर सही करणार. गोळ्या वेळेवर देणार, एकही चुकू देणार नाही. दुसरी सही नाही."

डॉक्टरीणबाईंच्या मदतनिसानं हाडांच्या तपासणीसाठी नाव पुकारलं. बाक बसका होता. नवऱ्यानं दोन्ही हात गुडघ्यांवर रोवले, जोर केला आणि परत मागं बसला. दुसऱ्यांदाही तसंच. नणंदबाई पुढं व्हायच्या आत सुधारणावालीनं त्याच्या काखेत हात घातला आणि त्याला हळूच, डागही उठणार नाही इतक्या जपून उभं केलं. एवढं जवळ ती कित्येक दिवसांत आली नव्हती. त्याला वाटलं, बायको विरघळली.

"नीट इलाज करून घ्या," ती त्याच्या कानाशी म्हणाली. "ठणठणीत बरे व्हा, पूर्वीसारखे शिडशिडीत. आजारी माणसाला बाहेर काढलं तर लोक मला नावं ठेवतील. धडधाकट माणसाला काढताना कुणी काही म्हणत नाही."

मग तिनं त्याच्या शर्टाची कॉलर सरळ केली आणि त्याला तपासणीच्या दारापर्यंत पोचवलं.