फ्रीजमधली सफरचंदं

कोरोनात ठरलेली लग्नं एकेक करून पुढे ढकलली जाऊ लागली, तसं मी दुकान सोडलं आणि लग्नाच्या फुलांचा धंदा घरी आणला. फ्रीजमध्ये भाजीला जागा उरली नाही. सासूबाई भांडायच्या नाहीत, पण "तुझी फुलं जरा सरकव गं" असं दिवसभर चालायचं आणि माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

बऱ्याच दिवसांनी एक ऑर्डर मिळाली. लग्नाच्या सकाळी फ्रीज उघडला, तर कार्नेशनची फुलं मिटून माना टाकून पडलेली. शेजारीच टपोरी सफरचंदं.

"ही कुणी ठेवली? पिकलेल्या सफरचंदांजवळ फुलं सुकतात!" मी ओरडलेच.

"मी ठेवली," सासूबाई म्हणाल्या. "लग्नाच्या दिवशी तू उपाशीच पळतेस. म्हटलं, फुलं काढताना समोर दिसली तर एखादं खाशील."

माझा राग काही लगेच गेला नाही. मी धुसफुसतच कात्री घेतली. त्या मात्र समोर फतकल मारून बसल्या आणि त्यातल्या त्यात बरी फुलं निवडू लागल्या. निम्मी वाचली, बाकीच्या जागी पानं खोचली. गुच्छ नवरीच्या पसंतीस उतरले, तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

काल सासरे सफरचंदं घेऊन आले आणि पिशवी घेऊन फ्रीजकडे वळले. सासूबाई ताडकन उठून आडव्या आल्या.

"अहो, ती बाहेर ठेवा! आत आपली फुलं आहेत."