आलूची आसवं

सोमवारी सकाळी सावली गावच्या तळ्याच्या पाळीवर पाय ठेवायला जागा नसे. पत्रूबाबांच्या मांडवात त्या दिवशी आलू रडत. अर्धा चिरलेला आलू, मधे कोरलेला खड्डा. आदल्या संध्याकाळी बाबा कोणाचं तरी नाव घेऊन तो फडक्याने कोरडा पुसत, कमरेच्या दोन पिशव्यांपैकी एकीतली चिमूटभर राख टाकत आणि टोपलीने झाकत. सकाळी टोपली उचलली की खड्डा पाण्याने भरलेला.

"चाखून पाह्य, बाई," बाबा म्हणत. " खारट हाय का नाई? तुह्या मेलेल्या माणसाची आसवं हायत. जित्या माणसाचा आलू कोरडाच राह्यते."

पाणी खरंच खारट असे.

मी त्या मांडवाची झाडलोट करी. आमचे हे जाऊन चार वर्षं झाली होती. घरात बोलायला तुळशीशिवाय कोणी नव्हतं. सोमवारी त्यांच्या नावाचं बोटभर पाणी चाखलं की माझा आठवडा निघून जाई.

त्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर शेजारच्या मैनाचा नवरा बिरजू बांबू तोडायला भामरागडच्या जंगलाकडे गेला आणि पुराने रस्ते बंद झाले. तीन महिने निरोप नाही. सासू रुखमाबाईला सून जड झाली होती. ती बाबांकडे गेली. बिरजूचा आलू रडला, तर सोमवारीच मैनाच्या बांगड्या फोडायच्या असं ठरलं.

रविवारी बाबांचा चेला तापाने पडला, म्हणून राख टाकताना बिरजूचा आलू मी धरला. बोटाला थोडी राख लागली. प्रसाद म्हणून मी ती जिभेवर ठेवली. रविवारी मी अळणी जेवते, आणि अळणी जिभेला मिठाचा कणही कळतो. राख खारट होती. व्रत मोडलं म्हणून आधी जीव चरकला. मग घरी जाताना वाटेतच थांबले. अजून तर कोणी रडलंच नव्हतं. मीठ आलं कुठून?

तशीच शाळेतल्या मनसाराम गुरुजींच्या दारात गेले. ऐकून ते म्हणाले, "बाई, लोणच्याच्या कैरीले मीठ लावलं का काय होते?"

"पाणी सुटते."

"मंग कैरी कोणासाठी रडते?"

गुरुजींनी सांगितलं, आलूचा गर म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या लाखो बारक्या खोल्या, प्रत्येकीला पातळ पडदा. पडद्यातून पाणी सहज जातं, मीठ सहज जात नाही. बाहेर मीठ दाट झालं की आतलं पाणी तिकडे ओढलं जातं. घरी येऊन मी दोन आलू कोरले. एकात चुलीची राख, दुसऱ्यात तीच राख आणि मीठ.

सकाळी मांडवात बिरजूचा आलू भरलेला निघाला. रुखमाबाईने मैनाचं मनगट धरलं. माझा आवाज शेजारच्या घरीही जात नाही, पण मी पुढे झाले.

"बाबा, हे दोन आलू म्या घरी कापले. कोणाचं नाव नाई घेतलं. याच्यात नुसती राख, ते जराशी ओली झाली. याच्यात राख आन मीठ, हा भरला."

बाबा हसले. "तुहा धनीच रडला असन, गोकुळाबाई."

"मंग दुसऱ्या आलूत काऊन नाई रडला?"

कोणीतरी फिसकन हसलं. माझ्यासोबत आलेल्या गुरुजींनी बाबांच्या कमरेच्या राखेच्या दोन्ही पिशव्या मागितल्या. बाबा द्यायला तयार नव्हते, लोकांनीच घेतल्या. रुखमाबाईने एक चाखली, मग दुसरी.

"हे फिकी हाय," ती म्हणाली. "आन हे मिठाची." आणि तिने मैनाचा हात सोडला.

बिरजू जिवंत आहे का, हे आलूला ठाऊक नव्हतं, गुरुजींना नव्हतं, मलाही नव्हतं. रस्ता उघडल्यावर कळणार होतं. तोवर त्या बांगड्या फोडायचा हक्क कोणालाच नव्हता.

घरी आले. मिठाचा आलू पुढ्यात ठेवला. खड्ड्यात पाणी होतं, आणि त्यात कोणी नव्हतं. मग तो उकिरड्यावर टाकला आणि तुळशीला पाणी घातलं.

माझी व्रतं आजही चालू आहेत. देवाला हात जोडताना मी काही विचारत नाही. पण माणसाने देवाच्या नावाने हातावर काही ठेवलं, तर आधी चाखते. तुम्हीही चाखा.